ठासणीची, काडतुसाची आणि रायफल

आमच्या घरात आज्याच्या वेळची ठासणीची बंदूक होती. मुळशीच्या धरणात खोऱ्यातली चांगली भातखाचरं गेली. १९२१ साली सेनापती बापटांच्या मागं माणसं सत्याग्रहाला बसली, पण पाणी चढायचं ते चढलंच. जे मागं राहिले ते वर डोंगराच्या अंगाला सरकले. मग कोल्हा, डुक्कर, सगळे दारातच.

ठासणीची म्हणजे मोठा खटाटोप. नळीत दारू ओतायची, चिंधी कोंबायची, गजानं ठासायची, वर छर्रे, पुन्हा चिंधी आणि मागं केप. एक बार उडाला की कोल्हा नाल्यापल्याड. आभाळ भरलेलं असलं तर तोही फुसका.

बहात्तरच्या दुष्काळानंतर एका हंगामात कोल्ह्यानं आमची तीन करडं नेली, शेजारच्या कोंबड्या तर मोजल्याच नाहीत. चुलता म्हणाला, ''दादा, आता रायफल घ्यू. पुण्याचा एक वळखीचा इकतोय. परवान्याचं बघू.'' तो माणूस रायफल घेऊन आलासुद्धा. बावीसची होती, हलकी, नव्या नवरीसारखी चकचकीत.

नाल्यापल्याड कातळावर चुन्याचा ठिपका काढला. पहिलीच गोळी ठिपक्याला लागली. आम्ही पोरं नाचायला लागलो. पण गोळी तिथं थांबली नाही, कातळावरनं कुईऽऽ करत वर गेली. संध्याकाळी खालच्या वाडीतनं एक म्हातारी आली. तिच्या गोठ्याचं कौल फुटलं होतं, आणि त्याच्या खाली तिचा नातू गुरं बांधत होता. वडील काही बोलले नाहीत. तिला दोन कौलं दिली आणि पाव्हण्याला म्हणाले, ''तुमची वस्तू चांगली हाय, पण आमच्या रानात ती थांबायची कुठं?''

बावीसची गोळीसुद्धा मैलभर जाते. बारा बोअरचे छर्रे चाळीस यार्डांच्या पुढं पांगून दम सोडतात. राखणीला बसलेली माणसं चारी अंगाला माळ्यावर असताना हा फरक लहान नाही. (बारा बोअर हे नाव कशावरनं? नळीत बसेल असे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड भरतात, म्हणून.) कायदाही याच अंगानं जातो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीला ठासणीची, आणि संरक्षणाला किंवा शिकारीला निदान वीस इंच लांब, आतून गुळगुळीत नळीची बंदूक धरली आहे. रायफलीला वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं.

मग वडिलांनी काडतुसाची एकनळी घेतली. खरं सांगायचं तर तिनं कोल्हे फार मेले नाहीत. आवाजानंच काम व्हायचं. आणि कोल्हा नुसता चोर न्हवे. बांधावरचे खेकडे, खाचरातले उंदीर त्याच्याच पोटात जायचे. ते आमच्या ध्यानात उशिरा आलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं पुढं शिकारीलाच आळा बसला.

दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, परत आणायची. वडील गेल्यावर मी ती कायमची जमा केली. आता डुकरं येतात तेव्हा मी डबा वाजवतो. कोल्हेकुई वर्षाकाठी एखाद्या रात्री ऐकू येते. बंदुकीच्या खुंटीवर सध्या माझं इरलं असतं.