दोन पट्ट्यांमधला सूर

मागच्या महिन्यात नातवाने एक वाद्य आणलं. वाद्य म्हणायचं ते त्याने सांगितलं म्हणून. खोक्यातून निघाली ती एक लांबट काळी पाटी. तिच्यावर आठ ओळी, प्रत्येक ओळीत पंचवीस चौकोन आणि चौकोनांच्या आत लुकलुकणारे रंगीत दिवे. नाव लिनस्ट्रुमेंट. रॉजर लिन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ते २०१४ मध्ये बाजारात आणलं, किंमत १,४९९ डॉलर. कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरून आमच्या नेरूळच्या घरी पोचेपर्यंत ते दीड लाखाच्या घरात गेलं होतं.

"वाजव की," मी म्हटलं.

"आजी, हे नुसतं वाजत नाही. कॉम्प्युटरला जोडावं लागतं."

दीड लाखाची वस्तू आणि ती आवाजच काढत नाही! माझ्या चेहऱ्यावरचे भाव बघून सूनबाई आत निघून गेली. पण मग त्याने ते जोडलं, एका चौकोनावर बोट ठेवलं आणि ते न उचलता तसंच पुढे सरकवत नेलं. षड्जावरून निघालेला सूर कुठेही न तुटता पंचमापर्यंत गेला. बोट हलकेच हलवलं तसा तो डोलला, दाबलं तसा भरून आला. मी निवडत होते ती मेथी तशीच राहिली.

चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी पेटी वाजवतेय. नात्यातल्या मंडळींना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी सांगते. मी मराठीची शिक्षिका, पण शाळेत प्रार्थनेची, समूहगीताची आणि स्नेहसंमेलनाची पेटी कायम माझ्याकडेच. त्या पेटीवर मला मींड कधीही काढता आली नाही. ती कुणालाच येत नाही, कारण पेटीत ती नाहीच.

नातवाने मला जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. साध्या की-बोर्डची पट्टी म्हणजे विजेचं बटण. कुठली दाबली आणि किती जोरात दाबली, एवढंच ती यंत्राला कळवते. एकदा सूर लागला की बोटाने पुढे काय केलं याच्याशी बहुतेक की-बोर्डांना कर्तव्य नसतं. सूर वाकवायचं एक चाक बाजूला असतं खरं, पण ते फिरवलं की वाजत असलेले सगळे सूर एकदमच वाकतात. नव्या वाद्यांत प्रत्येक बोटाचा हिशेब वेगळा. ते डावी-उजवीकडे किती सरकलं, पुढे-मागे किती गेलं, दाब किती आहे, हे सगळं सतत मोजलं जातं. वाद्य आणि यंत्र यांच्यातली मिडी नावाची बोली १९८३ पासून आहे. तिच्यात प्रत्येक सुराला स्वतंत्र वाट देण्याची पद्धत २०१८ मध्ये अधिकृत झाली. तिला एमपीई म्हणतात.

लिनसाहेब एकटे नाहीत. त्यांच्या कितीतरी आधी इलिनॉय विद्यापीठातले लिपोल्ड हाकेन यांनी कंटिन्युअम नावाचं वाद्य केलं. त्याला पट्ट्याच नाहीत, सलग मऊ लाल पृष्ठभाग आणि खाली लोहचुंबक लावलेल्या बारीक कांड्या. किंमत काही हजार डॉलर. आपल्याकडे ते पोचलं ए. आर. रहमानमुळे. 'दिल्ली-६' (२००९) मधल्या 'रहना तू' गाण्याच्या शेवटी तो हे वाद्य वाजवतो. नातवाने मला ते मुद्दाम ऐकवलं. पाच मिनिटं मी ते कुठलं तंतुवाद्य असेल याचाच विचार करत होते. लंडनच्या रोली कंपनीने २०१३ मध्ये सिलिकॉनच्या मऊ पट्ट्यांचं सीबोर्ड काढलं, पण २०२१ मध्ये त्या कंपनीचं दिवाळं वाजलं आणि तिला नव्याने उभं राहावं लागलं. फ्रान्समध्ये ऑस्मोस नावाचं एक निघालंय. ते दिसायला साध्या पियानोसारखं, पण पट्टी बाजूला हलवली की सूर हलतो. ही सगळी खटपट आणि हा सगळा खर्च कशासाठी, तर तान्ह्या मुलालाही रडताना जमतं ते, एका सुरातून दुसऱ्या सुरात न तुटता जाणं, यंत्राला जमावं म्हणून!

पण हसण्याआधी आपल्या घरात डोकावायला हवं. हे भांडण आपल्याकडे शंभर वर्षं जुनं आहे.

हार्मोनियम मूळची पॅरिसची, १८४०च्या सुमारास अलेक्झांडर डेबेन याने केलेली. तिकडे ती पायाने हवा भरून वाजवत. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती मांडी घालून एका हाताने भाता मारता येईल अशी केली आणि मग ती देशभर पसरली. कीर्तनात, भजनात, तमाशात, शाळेत, सगळीकडे. नाटक कंपन्यांत पायपेटी, म्हणजे ऑर्गन, गेला. बालगंधर्वांच्या साथीला हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर असत आणि सारंगीवर कादरबक्ष. मला ही जोडी फार शहाणपणाची वाटते. ऑर्गनने आवाजाखाली सतरंजी घालायची आणि सुरांमधल्या वाटा सारंगीने चालायच्या. पुढे सारंगी गेली आणि सतरंजी तेवढी राहिली.

पेटीवर आक्षेप दोन. एक, मींड नाही. दुसरा, तिचे सूर सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून बसवलेले. तंबोऱ्याच्या खर्जात कान देऊन ऐकला तर जो गंधार आपोआप उमटतो, त्यापेक्षा पेटीचा शुद्ध गंधार चढा असतो. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले जवळपास चौदा भाग. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. रवींद्रनाथांसारख्यांचाही तिला विरोध होता. ती १९७१ पासून हळूहळू सैल झाली. म्हणजे ज्या काळात गोविंदराव टेंब्यांसारखे पेटीवादक महाराष्ट्राला माहीत होते, त्याच काळात रेडिओला पेटी वर्ज्य होती. माझ्या लहानपणी सांगलीला रेडिओवर गाणं लागलं की वडील म्हणायचे, "ऐक, पेटी नाही." मला वाटायचं, बिचाऱ्यांकडे पेटी घ्यायला पैसे नसतील.

सांगलीचा विषय निघालाच आहे. तिथे कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. निवृत्तीनंतर माणसं काय काय करतात! मी ब्लॉग लिहिते, देवलांनी श्रुती मोजल्या. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब गात आणि देवल तारेच्या उपकरणावर त्यांचे सूर ताडून लांबीचा हिशेब मांडत. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. ई. क्लेमंट्स नावाचा आयसीएस अधिकारी त्यांना मिळाला आणि त्या दोघांनी बावीस श्रुतींची पेटी विलायतेत बनवून घेतली.  सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९१६ मध्ये बडोद्याला संगीत परिषद भरली. भातखंडे तिचे मुख्य सूत्रधार. तिथे ही पेटी पुढे आली, पण जमलेल्या मंडळींचा कौल काही तिला मिळाला नाही. पुढे ती फार चालली नाही.

मला देवलांचं फार कौतुक वाटतं, तरी माझं मत सांगते. जिन्याला बाराच्या जागी बावीस पायऱ्या केल्या तरी तो जिनाच. गवई पायऱ्यांवर उभा राहतो तितकाच मधल्या हवेत असतो. दरबारीचा गंधार नेमका कुठल्या श्रुतीवर, असं विचारणं म्हणजे झोका नेमका कुठे आहे असं विचारणं.

पण देवलांची जिद्द संपलेली नाही. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक औषधशास्त्रातले डॉक्टर आणि गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य. त्यांनी या शतकात बावीस श्रुतींची पेटी पुन्हा केली, आणि ती फार सुटसुटीत आहे. सा आणि प अचल. बाकीच्या दहा सुरांना प्रत्येकी दोन जागा. पट्टीखालचं बटण ओढलं की सूर एका श्रुतीवरून दुसरीवर जातो. दहा दुणे वीस आणि दोन, बावीस. पट्ट्या तेवढ्याच, बोटांची सवय तीच. रागाप्रमाणे बटणं लावून घ्यायची आणि वाजवायला बसायचं.

मुंबईच्या सिनेमावाल्यांनी मात्र श्रुतीच्या वादात न पडता सरळ यंत्र उचललं. 'नागिन' (१९५४) मधली पुंगी पुंगी नव्हतीच. क्लेव्हिओलिन नावाच्या विजेच्या छोट्या की-बोर्डवर कल्याणजींनी ती वाजवली होती, आणि म्हणे ती ऐकून थिएटरात नाग येत! १९८२ मध्ये मुंबईच्याच चरणजित सिंग यांनी दहा राग सिंथेसायझरवर वाजवून रेकॉर्ड काढली. त्यांच्या एका यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. तेव्हा कुणी विचारलं नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातली मुलं वेडी झाली.

असो. आता जे सांगायला बसले होते ते सांगते.

१९८०च्या दशकात आम्ही नवी मुंबईत आलो. शाळेत एक मुलगी होती, जवळच्या आगरी गावातली. तिची आजी धवलारीण, लग्नात धवले गाणारी. मुलगी सातवीत होती. आंतरशालेय समूहगीताच्या स्पर्धेसाठी मी मुली निवडत होते. तिचा आवाज खणखणीत होता, पण गाताना गंधार लावायची तो पेटीत कुठेच सापडेना. कोमलच्या वर, शुद्धच्या खाली. मी कोमलची पट्टी दाबून धरायची, मग शुद्धची. ती दोन्हींकडे गोंधळून बघायची आणि पुन्हा आपला तोच सूर लावायची. तीन दिवस मी प्रयत्न केला. चौथ्या दिवशी वर्गासमोर म्हटलं, "पेटीत नाही तो सूर गाण्यात नसतो. कान नाहीत तुला." आणि तिला काढून टाकलं. तिच्या जागी जिला घेतलं ती पेटीबरोबर चोख गायली. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं, ती ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीत होती.

त्या मुलीचं आता चांगलं पन्नाशीचं वय असेल. नंतर ती माझ्या तासाला कविता म्हणायलाही उभी राहिली नाही. तेव्हा मला ते जाणवलं नव्हतं. जाणवलं ते निवृत्तीनंतर, देवलांबद्दल वाचताना. सांगलीतला एक सरकारी अधिकारी पेटी चुकते की गाणारा, हे तपासायला तारा मोजत बसला होता. मी त्याच गावात वाढून, हातात पेटी घेऊन, तो प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

गेल्या रविवारी नातू बाहेर गेला होता. त्याने मला चालू-बंद करायला शिकवलं आहे. मी तो गंधार शोधायला बसले. कोमलच्या चौकोनावरून बोट जरा पुढे सरकवलं, सूर चढला, जवळ आला. पण आधी बोट उचलून थेट दोन चौकोनांच्या मध्ये टेकवलं की सूर टुणकन जवळच्या चौकोनाच्या मध्यावर जाऊन बसायचा. पुन्हा तेच. तेवढ्यात नातू आला.

"आजी, ते आपोआप होतं. बोट चुकीच्या जागी पडलं तर ते सूर दुरुस्त करून घेतं. सगळ्यांना सोपं जावं म्हणून आहे ते."

"बंद करता येतं का?"

"येतं. पण मग बेसूर वाजेल हं."

"वाजू दे."

त्याने दोन-तीन ठिकाणी बोटं लावून ते बंद केलं. मी पुन्हा टेकवलं, थोडं मागे घेतलं, अजून केसभर मागे. एका ठिकाणी थांबले. तोच होता. इतक्या वर्षांनी मला खात्री कशी, असं विचाराल. तीन दिवस तो सूर मोडून काढायचा प्रयत्न केला होता, कसा विसरेन?

नातवाने कान देऊन ऐकलं. म्हणाला, "भारी आहे ग. कुठल्या रागातला?"

मी म्हटलं, रागातला नाही, पामबीच रोडच्या पलीकडच्या गावातला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. त्या गावात आमच्या शाळेच्या जुन्या शिपाईबाई अजून राहतात. त्यांना फोन लावायचाय. दोनदा नंबर काढून ठेवलाय, अजून लावलेला नाही.