तळटीप : सुकूनही न मरणारा जिवाणू

* डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. १९५६ साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, किरणोत्साराचा मारा करूनही नासलेल्या डबाबंद मांसात आर्थर अँडरसन यांना तो सापडला. माणसाला मारक ठरणाऱ्या मात्रेच्या सुमारे हजारपट किरणोत्सार तो सोसतो. पण पृथ्वीवर एवढा किरणोत्सार निसर्गतः कुठेच नाही. मग हे बळ आले कुठून? १९९६ मध्ये मॅटिमोर आणि बॅटिस्टा यांनी दाखवले, की किरणोत्साराला बळी पडणारे त्याचे उत्परिवर्ती वाण सुकवल्यावरही मरतात. पेशीतले पाणी गेले की डीएनएचे तुकडे होतात. ते सांधण्याची यंत्रणा मुळात कोरडेपणासाठी घडली असावी. किरणोत्सार सोसणे हा तिचा आनुषंगिक लाभ. दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांना पेशीतले मँगनीज जपते. कोरडेपणात तगण्यासाठी इतर काही जिवाणू ट्रेहॅलोज ही शर्करा साठवतात. पाणी आटताना ती काचेसारखी घट्ट होते आणि प्रथिने जागच्या जागी धरून ठेवते. तिच्या आधाराने लसी आणि उपयुक्त जिवाणू सुकवून टिकवता येतात. सोयाबीन-तुरीच्या बियाण्याला चोळायचे रायझोबियम हे जिवाणू खत वाळले की झपाट्याने मरते, म्हणून आपल्या कोरडवाहू शेतीला हे संशोधन फार मोलाचे आहे. ते प्रत्यक्ष वापरात येईपर्यंत रायझोबियम चोळलेले बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. — संपा.