पेण-रोह्याची हिब्रू आणि गिरगावातले कॉलेज

पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती आठवतात, रोहा म्हटले की कुंडलिका. या दोन्ही गावांत ज्यूंची प्रार्थनास्थळे आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, दिवेकर ही आडनावे आपल्याला अस्सल कोकणी वाटतात, आणि ती तशी आहेतच. पण ती बेने इस्रायल समाजाचीही आहेत. आजचा धागा या समाजाचा आणि मुंबईतल्या एका मिशनरी महाविद्यालयाचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी या समाजाची मूळकथा आहे. तिचा काळ कोणता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कुलाबा जिल्ह्याच्या गावांत ही माणसे तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढे त्यांनी जपले होते. भाषा मराठी. हिब्रू ग्रंथ मात्र त्यांच्यापाशी उरले नव्हते.

अठराव्या शतकापासून यातली अनेक कुटुंबे मुंबईला येऊ लागली. पुष्कळजण कंपनीच्या पलटणींत शिरले. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ चे, सॅम्युएल दिवेकर यांनी बांधलेले. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी त्यांना धर्मविधी शिकवले. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे येणार आहे त्याचे सगळे श्रेय मिशनऱ्यांच्या पदरात टाकण्याची चूक आपल्याकडे सहज होते.

आता गिरगाव. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत उतरला आणि मार्च १८३२ मध्ये त्याने आंब्रोळी येथे इंग्रजी शाळा काढली. हेच पुढचे विल्सन कॉलेज. योगायोग असा की त्याच १८३२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे सॅम्युएल श्मुकर या लुथरन धर्मोपदेशकाने एक महाविद्यालय स्थापन केले. तेही धार्मिक प्रेरणेतून निघाले. पण गेटिसबर्गचा वर्ग भरत होता तो बहुतांशी ख्रिस्ती घरांतल्या मुलांनी. विल्सनच्या वर्गात बसलेली मुले ब्राह्मण, पारशी, मुसलमान आणि ज्यू घरांतली होती. तिथे कॉलेज आपला धर्म टिकवण्यासाठी होते. इथे ते दुसऱ्याचा बदलण्यासाठी होते. हा हेतू विल्सनने कधी लपवला नाही.

हे नुसते तत्त्वाचे भांडण नव्हते. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण न्यायालयात गेले, निकाल मुलांच्या बाजूने लागला आणि पालकांनी धडाधड मुले काढून घेतल्याने शाळेचे वर्ग ओस पडले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत वयाने लहान, म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. मिशनच्या घरात राहून आलेल्या या पोराला जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईत वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. आज आपण महाविद्यालयीन जीवन म्हणतो, तेव्हा त्यात आपल्याला स्नेहसंमेलन दिसते. त्या काळी मुलाला कॉलेजात पाठवणे म्हणजे तो घरी परतेल की नाही, या धास्तीत दिवस काढणे होते.

मग बेने इस्रायल आपली मुले तिथे का पाठवीत राहिले?

माझ्या मते उत्तर एका छोट्या पुस्तकात आहे. १८३२ मध्येच विल्सनने हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे सांगणारे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. मराठीत! ज्यांची धर्मभाषा हिब्रू आणि घरची भाषा मराठी, असा वाचक जगाच्या पाठीवर एकच होता. विल्सनचा हिशेब सरळ होता: या लोकांना ‘जुना करार’ मूळ भाषेत वाचता आला की ‘नवा करार’ त्यांना आपोआप पटेल. त्याच्या आधी अमेरिकन मराठी मिशननेही मुंबईतल्या व कोकणपट्टीतल्या आपल्या शाळांत बेने इस्रायल शिक्षक नेमले होते आणि जुन्या कराराची मराठी भाषांतरे त्यांच्या हाती पडू लागली होती. पुढे विल्सनच्याच प्रयत्नाने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात हिब्रूला स्थान मिळाले. १८६८ मध्ये तो त्या विद्यापीठाचा कुलगुरूही झाला.

हिशेबाचा पहिला भाग बरोबर ठरला. दुसरा साफ चुकला. हिब्रू शिकलेल्या बेने इस्रायलांपैकी ख्रिस्ती जवळजवळ कोणी झाले नाही. हाती आलेली लिपी आणि व्याकरण घेऊन त्यांनी आपल्या प्रार्थना मराठीत आणायला सुरुवात केली. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या सणाची हिब्रू-मराठी पोथी, ‘हग्गादा’, छापली गेली. प्रकाशक मोझेस जेकब आणि आरन डॅनियल तळकर. हे आडनाव रोह्याजवळच्या तळे गावाकडे बोट दाखवते. जोसेफ एझिकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथासह अनेक हिब्रू ग्रंथ मराठीत आणले. मुंबई विद्यापीठाने त्यांना हिब्रूचे परीक्षक नेमले.

आणि कीर्तन! १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बायबलमधल्या पूर्वजांच्या कथांवर मराठी कीर्तने रचून सादर केली. रोह्याला पुलापलीकडचे अष्टमी गाव ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे आडनाव उलगडून सांगायला नको. मिशनऱ्याने हिब्रू दिली, पण ती लोकांपर्यंत पोहोचवण्याची रीत मराठी हरिदासाकडून उचलली गेली. या तपशिलाशी मी वाचताना बराच वेळ थांबलो होतो.

१८७५ मध्ये समाजाने मुंबईत स्वतःची शाळा काढली. हाईम सॅम्युएल केहिमकर हे तिच्यामागचे प्रमुख नाव. याच केहिमकरांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून १८९७ मध्ये पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या मृत्यूनंतर. स्वतःची शाळा निघाली त्याच वर्षी १ डिसेंबरला विल्सनचा मृत्यू झाला.

चौपाटीसमोरची आजची इमारत १८८९ ची. याच चौपाटीच्या वाळूत १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारींनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले होते. बुवाही मूळचे आजच्या रायगडचेच, निजामपूरजवळच्या शिरवलीचे.

माजी विद्यार्थ्यांची यादी पाहिली तर विल्सन काय म्हणाला असता, असा प्रश्न पडतो. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे इथलेच. मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान बाळासाहेब खेर इथले, मोरारजी देसाई इथले. १९४२ मध्ये गुप्त रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता इथेच शिकल्या आणि पुढे इथेच शिकवू लागल्या. यांतला एकही जण हिंदू धर्म सोडून गेला नाही.

बेने इस्रायलांचे नाते मात्र तुटले नाही. विसाव्या शतकात याच कॉलेजात त्यांच्यातले एक गृहस्थ प्राध्यापक होते. शिकवत ते हिब्रू नव्हे, बायबलही नव्हे, तर वनस्पतिशास्त्र. त्यांचा मुलगा निस्सीम याच कॉलेजातून १९४७ मध्ये साहित्याचा एम. ए. झाला. भारतीय इंग्रजी कवितेचे वाचक त्याला निस्सीम इझिकेल म्हणून ओळखतात.