उपशामक सेवा, केरळमधील
असाध्य व्याधींनी, विशेषतः कर्करोगाने, पीडित असलेल्यांचे क्लेश कमी करणारी लोकाश्रयी व्यवस्था. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यातील निर्बंधांमुळे भारतात मॉर्फीन दुर्मीळ झाले व असंख्य रुग्णांना तीव्र वेदना सोसाव्या लागल्या. १९९३ मध्ये एम. आर. राजगोपाल, सुरेशकुमार प्रभृतींनी कोझिकोड वैद्यकीय महाविद्यालयात उपशामक सेवेची संस्था स्थापन केली. तथापि शय्याग्रस्त रुग्णांना तेथवर येणे अशक्य होते. म्हणून २००० च्या सुमारास मलप्पुरम व लगतच्या भागांत प्रशिक्षित स्थानिक स्वयंसेवकांचे गट उभे राहिले. रुग्ण शोधणे, घरी जाऊन धीर देणे, निर्धन कुटुंबांस धान्य पुरविणे व वर्गणी जमविणे ही त्यांची कामे. औषधोपचार डॉक्टर व परिचारिका करतात. २००८ मध्ये राज्य शासनाने उपशामक सेवेचे धोरण स्वीकारून तीत स्थानिक स्वराज्य संस्थांना सहभागी करून घेतले.