अडीच लाख कुठून आले? घोडपदेव आणि तळटीप

मंडळी, आज आपण घोडपदेवकडे तळटिपांच्या वाटेने जाऊ. या परिसरावरच्या शोधनिबंधात एक वाक्य हमखास भेटतं: १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तारीख पक्की आहे. पण आकडा सरकारी, युनियनचा की वर्तमानपत्रातला? त्यात बदली कामगार धरलेत का? तळटीप नसेल तर हे तपासायचं कसं?

दुसरी गोष्ट नावाची. जुन्या इंग्रजी नोंदींत घोडपदेव 'घोरुपदेव' अशा स्पेलिंगने येतो. अवतरणात मूळ लेखन तसंच ठेवावं; नाहीतर पुढच्याला ती नोंद सापडत नाही. नावाची व्युत्पत्ती शोधताना आपण शेपर्ड यांचं मुंबईच्या स्थळनामांवरचं १९१७चं पुस्तक काढतो. शेपर्ड मात्र अनेक ठिकाणी १९०९-१०च्या मुंबई शहर गॅझेटियरचाच आधार घेतात. अशा वेळी गॅझेटियर स्वतः न उघडता दोघांचीही नावं दिली, तर एकाच साक्षीदाराचे दोन होतात. म्हणून 'शेपर्ड यांच्या पुस्तकात उद्धृत' असं सरळ लिहावं. जे हातात घेऊन वाचलं, तेच आपलं साधन.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४मध्ये गिरणगावचा मौखिक इतिहास पुस्तकरूपाने आणला. कामगारांचं बोलणं हेच त्याचं मुख्य साधन. आपण मात्र चाळीत तासभर बसून ऐकतो आणि लिहितो, 'एका वृद्ध कामगाराच्या मते'. एवढ्याने भागत नाही. कोण, कुठल्या गिरणीत, साचेखात्यात की वायंडिंगला, मुलाखत कधी आणि कुठे झाली, हे हवंच. नाव त्यांच्या संमतीने द्यावं. नको म्हणाले तर तसं नमूद करावं, बाकी तपशील त्यांना विचारून ठेवावेत.

कारण उघड आहे, बरं का. गिरण्या गेल्या, त्या जमिनींवर टॉवर आले. पुष्कळ गोष्टींना आता या माणसांचं सांगणं हाच पुरावा आहे. पुस्तक लिहिणाऱ्या साहेबाचं नाव आपण पानक्रमांकासह देतो. मग साच्यावर आयुष्य काढलेल्या माणसालाही तळटिपेत तेवढीच जागा द्यायला हवी.