माथेरानची वाट कुणी राखली

माथेरानला मोटार येत नाही, याचं पाहुण्यांना फार अप्रूप. दस्तुरी नाक्यावर गाडी लावायची, लाल मातीत पाय ठेवायचा आणि म्हणायचं, निसर्गानं इथं काय जपून ठेवलंय! निसर्गानं कडे दिले, जांभा दिला, अंजनी-जांभळाचं रान दिलं. मोटार मात्र माणसांनी थांबवली. त्यासाठी सरकारी कागद झिजले, कोर्टात अर्ज झाले, एका व्यापाऱ्यानं पैसा ओतला आणि कितीतरी जणांनी खांदे दिले. मी याच गावात वाढले. वडील नगरपालिकेत होते, नाक्यावर प्रवेशकराच्या पावत्या फाडायचे. आई सीझनला घरातल्या पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची. पाहुणा आला की एकाच माणसाकडून आमच्या घरात सरकारचंही उत्पन्न यायचं आणि आमचंही. त्यामुळे गाव कुणाच्या जिवावर उभं आहे, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला आहे.

लिखित इतिहास मे १८५० पासून सुरू होतो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौकच्या बाजूनं वन ट्री हिलवरून वर चढले आणि रामबागेकडून उतरले. पुढे त्यांनी इथं घरही बांधलं, 'द बाइक' नावाचं. डोंगर त्याआधी रिकामा नव्हता. माथ्यावर धनगरांचे गोठे होते, उतारांवर ठाकूर आणि कातकऱ्यांच्या वाड्या होत्या, आणि पिसरनाथाचं ठाणं होतं. साहेबाला वाट सापडली ती या माणसांच्या पायांनी पडलेली. एवढं एक वाक्य दर माहितीफलकावर असायला हवं असं मला वाटतं, आणि मी ते अजून कुठल्या फलकावर वाचलेलं नाही.

१८५५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले आणि गावाचा आराखडा पडू लागला. दुसऱ्याच वर्षी, १८५६ मध्ये, जी.आय.पी. रेल्वे कल्याणच्या पुढे खोपोलीपर्यंत गेली आणि नेरळला स्टेशन झालं. माथेरान घडलं ते या दोन गोष्टींच्या जोडीमुळे. मुंबईच्या उकाड्यात आजारी पडणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हवापालट हवा होता, आणि आता डोंगराच्या पायथ्यापर्यंत रेल्वे होती. सरकारनं वाट बांधली, पाण्याची सोय केली, भूखंड आखून भाडेपट्ट्यानं दिले आणि वर एक अधीक्षक नेमला. अधीक्षकांपैकी डॉक्टर जे. वाय. स्मिथ यांनी १८७१ मध्ये डोंगरावरची माणसं, झाडं आणि प्राणी यांवर एक पुस्तकच लिहिलं. अधीक्षकाची कचेरी आजही गावात आहे. जमीन सरकारची, बंगला धनिकाचा, आणि दोघांच्या मध्ये भाडेपट्ट्याचा कागद, ही माथेरानची रचना तेव्हापासूनची. घराच्या कौलाला हात लावायचा तरी परवानगी लागते म्हणून आम्ही लहानपणी चिडायचो. आता वाटतं, ते कागद होते म्हणून इथं टॉवर उभे राहिले नाहीत.

बंगले बांधले ते गोऱ्यांनी आणि त्यांच्या मागोमाग मुंबईच्या पारशी, बोहरा, गुजराती कुटुंबांनी. हॉटेलं निघाली, बाजारपेठ वसली. पण नेरळहून वर येणं म्हणजे घोडा, पालखी नाहीतर पायपीट. सामान हमालांच्या डोक्यावर. घाट एवढा खडा की म्हातारा माणूस किंवा आजारी बाई वर यायला धजत नसे, आणि डोंगर तर मुळात आजाऱ्यांसाठीच वसवलेला! ही अडचण सरकारनं पन्नास वर्षं तशीच राहू दिली. सोडवली ती एका खासगी माणसानं.

सर आदमजी पीरभॉय यांची गोष्ट मी जिथं संधी मिळेल तिथं सांगते. काठियावाडातून आलेला गरीब दाऊदी बोहरा मुलगा मुंबईत वाढला, लष्कराला तंबू आणि बूट पुरवता पुरवता कोट्यधीश झाला, १८९७ मध्ये मुंबईचा शेरीफ झाला. माथेरानला ते नेहमी येत. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळ-माथेरान रेल्वेची मांडणी केली आणि वडिलांनी पैसा पुरवला, सुमारे १६ लाख रुपये. त्या काळचे सोळा लाख! १९०४ ला काम सुरू झालं, सल्लागार म्हणून बार्शी लाइट रेल्वेवाले एव्हरार्ड कॅल्थ्रॉप होते, आणि मार्च १९०७ ला गाडी धावली. रूळ दोन फूट रुंदीचे, अंतर सुमारे २० किलोमीटर, चढ कुठे कुठे वीस फुटांना एक फूट. वळणं इतकी आखूड की साधं इंजिन तिथं रुळांवरून उतरलंच असतं. म्हणून जर्मनीहून ओरेनश्टाइन आणि कॉपेल कंपनीची चार इंजिनं मागवली, ज्यांचे टोकाचे आस वळणावर आडवे सरकू शकत. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, मग माथेरान. मध्ये एकच बोगदा, क्षणात संपणारा.

मी शाळेत असताना वाफेची इंजिनं अजून होती. गाडी चढणीला लागली की पोरं शेजारून चालत जायची, इतका तिचा वेग. दोन-अडीच तासांचा प्रवास. हिशेबाच्या वहीत बसणारा हा धंदा नव्हता. पावसाळाभर गाडी बंद, वर्षातले तीन-चार महिने उत्पन्न शून्य, आणि डोंगर दरवर्षी रूळ ओढून नेणार. आदमजींना नफ्याची फार आशा असेल असं मला वाटत नाही. त्यांना हे गाव आवडत होतं आणि त्यांच्याजवळ पैसा होता. पण त्या एका माणसाच्या आवडीचा परिणाम शंभर वर्षं पुरला. रेल्वे आली म्हणून वर येणाऱ्या मोटाररस्त्याची तेव्हा गरजच पडली नाही. मोटारींचं युग सुरू होण्याच्या ऐन वेळी माथेरानला दुसरी वाट मिळाली होती. महाबळेश्वरला ती मिळाली नाही, आणि तिथला आजचा मे महिना आपण पाहतोच.

रेल्वे येण्याच्या सुमारास, १९०५ मध्ये, नगरपालिका झाली. झाडलोट, दिवे, दवाखाना, बाजार हे सगळं तिच्याकडे आलं, आणि त्यासाठी पैसा पाहुण्यांच्या प्रवेशकरातून. लोकवस्ती लहान, सुट्टीच्या दिवशी मात्र गावाच्या कितीतरी पट माणसं. त्यांचा कचरा, त्यांचं पाणी, त्यांची तहान, पडझड, हरवलेली मुलं, सगळं पालिकेच्या माथी. वडील सांगायचे, पावती घेताना कुरकुर करणारा माणूस परतताना हमखास रस्ता खराब असल्याची तक्रार करतो. ते हे रागानं सांगत नसत. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे पाहुण्याला कुणी समजावून दिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

याच गावात १९१२ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. आम्हा सगळ्यांचे भाई कोतवाल. न्हाव्याच्या गरीब घरातला मुलगा वकील झाला आणि पालिकेचा उपाध्यक्ष झाला. पर्यटनाच्या इतिहासात त्यांचं नाव कुणी घेत नाही, मी घेते. बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या या गावाखालच्या वाड्यांत काय भूक होती ते त्यांनी पाहिलं. कर्जत तालुक्यात लोकवर्गणीतून आणि स्वयंसेवकांच्या बळावर शाळा काढल्या, सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्याची पेढी उभी केली. १९४२ मध्ये आझाद दस्ता काढून त्यांनी मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. या गावात स्वयंसेवी काम पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झालं ते पाहुण्यांसाठी नव्हतं. पाहुण्यांच्या बॅगा उचलणाऱ्यांच्या मुलांसाठी होतं.

स्वातंत्र्यानंतर रेल्वे मध्य रेल्वेकडे आली, बंगल्यांची लॉजिंगं झाली, मुंबईच्या मध्यमवर्गाला माथेरान परवडू लागलं. १९७५ मध्ये राज्याचं पर्यटन विकास महामंडळ झालं आणि पुढे त्यांनी इथं निवासाची सोय केली. आईच्या दोन खोल्यांचा काळही हाच. चादरी बाहेर वाळत घातल्या की माकडं ओढायची, म्हणून मी पहाऱ्याला. स्वयंपाक आईच करायची, आणि पाहुण्यांनी जाताना केलेलं कौतुक ती वर्षभर शेजारणींना सांगायची. गावातली अशी कितीतरी घरं सीझनच्या चार पैशांवर पावसाळा काढत. सरकारी आकडेवारीत त्या बायकांच्या कामाला कुठलाही रकाना नव्हता.

मग ऐंशी-नव्वदच्या दशकांत डोंगराच्या पायथ्याला बांधकामांचं मोहोळ उठलं. मुंबई वाढत होती, कर्जत-पनवेलच्या बाजूनं जमिनी विकल्या जात होत्या. इथं पुढे आली ती मुंबईतली एक स्वयंसेवी संस्था, बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुप, आणि तिच्यामागचे श्याम चैनानी. पगारी माणसं मूठभर, काम डोंगराएवढं. नकाशे, निवेदनं, मंत्रालयाच्या खेपा, न्यायालयात दाद. महाबळेश्वर-पाचगणीला २००१ मध्ये संरक्षण मिळालं, आणि ४ फेब्रुवारी २००३ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. मोटारींना मज्जाव कागदावर पक्का झाला. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर दस्तुरीपुढे इंजिनाचं वाहन नाही. देखरेखीला समिती आली.

गावात तेव्हा या निर्णयावर फार राग होता, आणि तो मला आजही समजतो. घर दुरुस्त करणं अवघड झालं, आजारी माणूस दस्तुरीपर्यंत नेणं तर आधीच अवघड होतं. हे सगळं मुंबईत बसून ठरवलं, असं लोक म्हणत. त्यात तथ्य होतं. तरीही मी चैनानींच्या बाजूची आहे. तो कागद नसता तर आज विकायला माथेरानजवळ काही उरलं नसतं. हॉटेलवाल्यांनी, घोडेवाल्यांनी, दुकानदारांनी ज्या शांततेवर धंदा केला, ती राखण्याचं काम ज्या माणसांनी फुकट केलं, त्यांच्या नावाचा एक रस्ताही इथं नाही.

सरकारी हात किती गरजेचा आहे ते २६ जुलै २००५ च्या पावसानं दाखवलं. रुळांखालचा डोंगर वाहून गेला, गाडी २००७ पर्यंत बंद. २०१६ मध्ये डबे घसरले, गाडी पुन्हा बंद. २०१९ च्या पावसानं पुन्हा रूळ नेले, आणि नेरळहून गाडी सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. आदमजींसारखा एक माणूस रेल्वे बांधू शकतो. दर पावसानंतर ती पुन्हा पुन्हा बांधत राहायला सरकारच लागतं. गाडी बंद असताना गावाला कळलं की ती केवळ मौजेची गाडी नाही. पाहुणे कमी झाले, आणि जे आले त्यांचं सगळं ओझं दस्तुरीवरून घोड्यांवर, डोक्यांवर आणि हातरिक्षांवर आलं.

हातरिक्षा. एक माणूस पुढून ओढतो, दोघं मागून ढकलतात, चढ-उताराच्या लाल रस्त्यावर. मोटार नसलेलं गाव म्हणून आपण जे मिरवतो, त्याची किंमत या माणसांनी छातीच्या भात्यानं मोजली. त्यांच्या संघटनेनं आणि गावातल्या एका निवृत्त शिक्षकानं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ई-रिक्षा मागितली. डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा प्रयोग म्हणून आल्या. शाळेची मुलं, म्हातारी माणसं पहिल्यांदाच धाप न लागता दस्तुरीला पोचली. घोडेवाल्यांना पोटाची भीती वाटली, आणि तिच्याकडे कुणी दुर्लक्ष करू नये. त्यांचाही संसार याच रस्त्यावर उभा आहे. पण तीन माणसांनी चौथ्याला ओढून न्यायचं, हे टिकवून ठेवण्यासारखं काही नव्हतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं निकाल दिला. माणसानं माणसाला ओढणं अमानुष आहे, सहा महिन्यांत ते थांबवा, ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्यानं द्या, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. देखरेख समितीनं कलेक्टरसोबत बसून खरे रिक्षाचालक कोण ते ठरवायचं. त्यांना देऊन ज्या गाड्या उरतील त्या आदिवासी बायकांना आणि गावातल्या इतरांना मिळाव्यात, असंही निकालात आहे.

हे शेवटचं कलम मी दोनदा वाचलं. खालच्या वाड्यांतून ठाकूर आणि कातकरी बाया भाजीची, जळणाची ओझी घेऊन रोज चढतात. मॅलेट साहेबाला ज्यांची वाट मिळाली, त्यांच्याच पुढच्या पिढ्या. या डोंगरावरच्या धंद्यात त्यांना कधी कुणी भागीदार धरलं नव्हतं. आता तसा आदेश आहे. अधीक्षक, पालिका, समिती, हॉटेलवाले आणि आमच्यासारखी जुनी घरं, सगळ्यांनी मिळून ई-रिक्षाची पहिली किल्ली त्यांच्यातल्या एखादीच्या हातात पडेल असं पाहायचं आहे. चालवायला शिकवणारे तरुण गावात आहेत. परवान्याच्या अर्जाला जातीचा दाखला, रेशनकार्ड, फोटो लागतील, आणि वाड्यांत जाऊन ते अर्ज भरून देण्याचं काम आम्ही काही जणींनी अंगावर घेतलं आहे.