२५ नोव्हेंबर : पाडलेल्या मंदिराचे गाऱ्हाणे
इ. स. पूर्व ४०७ : नाईल नदीतल्या एलेफंटाईन बेटावरील ज्यूंनी यहूदियाचा सुभेदार बागोही याला आजच्या तारखेचा अर्ज लिहिला. ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांनी पर्शियन अधिकारी विद्रंगाला हाताशी धरून तीन वर्षांपूर्वी ज्यूंचे याहो या देवाचे मंदिर पाडले होते. घडीव दगडांची पाच दारे, ब्राँझच्या बिजागऱ्या, देवदाराचे छप्पर... नुकसानीचा तपशील अगदी पंचनाम्यासारखा! तेव्हापासून आम्ही गोणपाट नेसतो, तेल लावत नाही, मद्याला शिवत नाही, असेही त्यात आहे. ऑटो रुबेनसोन यांच्या जर्मन पथकाला १९०७ मध्ये बेटावर या अर्जाच्या दोन प्रती सापडल्या. सोबतच्या टिपणानुसार मंदिर पुन्हा बांधायला अनुकूलता मिळाली. नैवेद्य आणि धूप चालेल, पशुबळीबद्दल मात्र चकार शब्द नाही.